पत्ता नसलेल्या पक्षकारासाठी

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या सगळ्यांना हटवून आपापल्या गावी धाडले जाईल. दहा दिवसांत, ऐन पावसाळ्यात, मोहीम सुरू झाली. बांबू-प्लास्टिकची खोपटी मोडली गेली. माणसांना एसटीच्या गाड्यांत कोंबून शहराबाहेर नेले गेले. त्या प्रवासात दोन बाळे जन्मली आणि दोन जीव गेले, हे याचिकाकर्त्यांचे म्हणणे पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदले गेले.

त्याच निकालपत्रात संगमनेरचा एक माणूस भेटतो. चपला-जोडे शिवून तो दिवसाला सात-आठ रुपये मिळवत असे. गावातले घर पडले तेव्हा १९६९ साली तो मुंबईत आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर बिऱ्हाड मांडण्यासाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लास्टिकचे कागद घ्यायला आणखी ७०० रुपये गेले. जवळजवळ तीन महिन्यांची कमाई अशी फुटपाथवर उभी राहिली, आणि तीच पाडायला महापालिका आली होती.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका फुटपाथवासीयाच्या बांबूंचा हिशेब लिहून ठेवला, तो आपोआप नव्हे. विचारणारा, टिपून घेणारा, कायद्याच्या भाषेत बसवणारा कोणीतरी होता, म्हणून तो हिशेब दिल्लीपर्यंत गेला. पत्रकार ऑल्गा टेलिस, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना आणि स्वतः फुटपाथवर राहणारी माणसे न्यायालयात उभी होती. त्यांच्या बाजूने इंदिरा जयसिंग, आनंद ग्रोव्हर, वि. म. तारकुंडे, राम जेठमलानी यांच्यासारखे वकील होते. बेघर माणूस आणि कायदा यांच्या नात्याची गोष्ट आपल्याकडे या खटल्यापासून सांगायची, ती त्याच्या निकालासाठी जितकी, तितकीच या जुळणीसाठी.

निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर राहतो, कारण त्याचे काम त्या फुटपाथपासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. त्याला तिथून उचलले की त्याची भाकरी जाते. हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला. पण त्याच निकालाने मुंबई महापालिका अधिनियमाचे कलम ३१४ वैध ठरवले, म्हणजे रस्ता आणि फुटपाथ मोकळा करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम राहिला. पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर १९८५ उजाडेपर्यंत पाडकाम नको आणि १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा द्या, एवढे पदरात पडले. तत्त्व जिंकले, खोपटी हरली.

हा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. फुटपाथवरच्या माणसाला मात्र तो अजून पुरता मिळालेला नाही. असे का व्हावे? मोफत कायदेशीर मदतीचा विषय समजून घ्यायचा तर याच प्रश्नाला हात घालावा लागतो.

आधी माणसे कोण ते पाहू. झोपडपट्टीत राहणारा गरीब असतो, पण बहुधा बेघर नसतो. त्याच्या खोलीला क्रमांक असतो, वीज मीटर असतो, मतदार यादीत नाव असते, म्हणून नगरसेवकाला त्याची आठवण असते. बेघर माणसाकडे यातले काही नसते. उड्डाणपुलाखाली, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या ओवरीत, बांधकामाच्या पाइपात, बंद दुकानाच्या ओट्यावर त्याची रात्र जाते. २०११ च्या जनगणनेत अशा लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशभरात ती संख्या १७ लाख ७३ हजारांच्या आसपास भरली, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर. राज्यांत उत्तर प्रदेशाखालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक लागला. बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार माणसे मोजली गेली. एका रात्रीत, टॉर्च घेऊन केलेल्या या मोजणीतून किती जण निसटले असतील, याचा अंदाज दादर किंवा कुर्ला स्थानकाबाहेर रात्री एक वाजता उभे राहिले तरी येतो.

त्या ५७ हजारांत कोण नव्हते? मराठवाड्यातल्या दुष्काळातून आलेले मजूर होते, पारधी कुटुंबे होती, नवऱ्याने टाकलेल्या बाया होत्या, टाटा रुग्णालयात उपचारासाठी येऊन महिनोन् महिने बाहेर मुक्काम करणारे रुग्णांचे नातेवाईक होते, पळून आलेली मुले होती, मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे होते. यातले बहुतेक कामाला जातात. नाक्यावर उभे राहतात, कचरा वेचतात, लग्नसराईत वाढपी होतात, सिग्नलवर गजरे विकतात. त्यांच्या कायदेशीर अडचणीही म्हणूनच एका जातीच्या नाहीत. ठेकेदाराने मजुरी बुडवली, पालिकेच्या गाडीने पोतडी उचलली आणि पोतडीत आधार कार्ड होते, पोलिसांनी रात्री उचलून नेले, मूल बालगृहात गेले ते परत मिळेना, गाडीने उडवले आणि गाडीवाला सापडला नाही.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. कायद्याचा कारभार पत्त्यावर चालतो. समन्स पत्त्यावर जाते, नोटीस पत्त्यावर लागते, जामीनदार त्याच गावचा लागतो, रेशनकार्डाला पत्ता हवा, बँकेला पत्ता हवा. ज्याला पत्ता नाही, तो कायद्याला दिसतो तो फक्त आरोपी म्हणून. वकील फुकट मिळाला तरी ही अडचण सुटत नाही, कारण त्या वकिलाच्या दारापर्यंत पोहोचायलाही पत्ता लागतो. बेघरांसाठीची कायदेशीर मदत त्यामुळे ऑफिसात बसून होणारी गोष्ट नाही. ती माणसापर्यंत चालत जावी लागते, आणि पहिल्या दिवशी जावी लागते.

कागदावर पाहिले तर मदतीची व्यवस्था भक्कम आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले आणि पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, ही राज्याची जबाबदारी ठरली. न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. पी. एन. भगवती यांनी या कलमात प्राण ओतले. १९७८ चा होस्कोट खटला महाराष्ट्रातलाच. कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मोफत मिळाला पाहिजे, असे त्यात ठरले. पुढच्या वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेले कच्चे कैदी सुटले. १९८६ च्या सुक दास निकालाने सांगितले की आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब चालणार नाही.

मुंबईपुरता सर्वांत मोलाचा निकाल १९८३ चा आहे, आणि तो पत्रकार शीला बर्से यांच्या एका पत्रातून निघाला. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्रियांशी त्या बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मरीन लाइन्सच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगितले. मग आदेश दिला की कोणालाही अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला ताबडतोब कळवावे. चाळीस वर्षांपूर्वीच्या या आदेशात बेघर माणसाला लागणाऱ्या मदतीचे मर्म आहे. त्याला वकील अटकेच्या रात्री हवा असतो. महिन्याभराने मिळालेल्या वकिलाच्या हाती फारसे काही उरत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याने राष्ट्रीय प्राधिकरणापासून तालुका समितीपर्यंत उतरंड उभी केली. कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे: अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले, अपंग, मानवी तस्करी आणि वेठबिगारीचे बळी, पूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला कोणीही, आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असलेले. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. यादीत ‘बेघर’ हा शब्द नाही. तरी फुटपाथवरचा जवळजवळ प्रत्येक माणूस या यादीत कुठे ना कुठे बसतोच. बाई असेल तर उत्पन्नाचा प्रश्नच नाही. पारधी असेल तर महाराष्ट्रात तो अनुसूचित जमातीत येतो. कोठडीत असेल तर दुसरे काहीच विचारायचे नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या चकरा मारायचीही गरज नाही, कारण कलम १३ नुसार अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरेसे धरता येते. टेबलापलीकडचा कारकून दाखला मागतो तेव्हा हे कलम सांगणारा कोणी सोबत लागतो, इतकेच.

या कायद्यातली एक जागा मात्र बोलकी आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाने विधी साहाय्य शिबिरे भरवावीत, विशेषतः ग्रामीण भागात, झोपडपट्ट्यांत आणि कामगार वस्त्यांत, असे कलम ४ म्हणते. फुटपाथ, फलाट, रात्रनिवारा यांचा उल्लेख तिथे नाही. शिबिर भरते ते वस्तीत, आणि बेघरांची वस्ती रोज पहाटे उठते.

आता त्या कायद्याकडे वळू, ज्याची भीती मुंबईच्या फुटपाथवर पोलिसांच्या गाडीचा नुसता आवाज ऐकला तरी पसरते. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९. यात भीक मागण्याची व्याख्या फार ऐसपैस आहे. सार्वजनिक जागी गाणे, नाच, भविष्यकथन करून पैसे मागणे त्यात येते. वस्तू विकण्याचा बहाणाही येतो. शेवटी एक असे पोटकलम आहे की उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसलेला माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरत असेल की तो भिकेवर जगत असावा असे वाटेल, तर तोही भिक्षेकरीच. म्हणजे हात पसरण्याचीही गरज नाही, फाटके कपडे पुरतात. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते, वारंवार सापडणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत. मुंबईत पकडलेल्यांची रवानगी चेंबूरच्या भिक्षेकरी स्वीकार केंद्रात होते.

मुंबईचा हा कायदा दिल्लीने उसना घेतला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. गीता मित्तल आणि न्या. सी. हरी शंकर यांनी हर्ष मंदर यांच्या याचिकेवर निकाल देताना भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्याची कलमे दिल्लीपुरती रद्द केली. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यांविरुद्धची तरतूद त्यांनी ठेवली. ज्यांना राज्य अन्न-निवारा देऊ शकले नाही, त्यांना त्या अभावाबद्दल तुरुंगात टाकणे हा घटनेचा भंग आहे, असा निकालाचा रोख होता. पुढच्या वर्षी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानेही तिथला कायदा मोडीत काढला. ज्या महाराष्ट्रात हा कायदा जन्मला, तिथे तो उभा आहे.

पण कायदा रद्द होईपर्यंत वकिलाने हातावर हात धरून बसायचे का? मुळीच नाही. याच कायद्यात चौकशीची तरतूद आहे. पकडलेल्या माणसाला समज देऊन किंवा बंधपत्र लिहून घेऊन सोडण्याचा मार्ग न्यायाधीशाला मोकळा आहे. हमालीची पावती, मुकादमाची साक्ष, दुकानदाराचे चार शब्द पुढे आले की ‘साधन नाही’ हा आरोप गळून पडतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘कोशिश’ हा प्रकल्प २००६ पासून नेमके याच ठिकाणी काम करत आला: भिक्षेकरी गृहात जायचे, माणसांशी बोलायचे, घरच्यांचा पत्ता शोधायचा, काम मिळवून द्यायचे. त्याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत समाजकार्यकर्ते पाठवतो. दोन्ही ठिकाणचा अनुभव सांगतो की वकिलाच्या जोडीला समाजकार्यकर्ता असला तरच खटला पुढे सरकतो. वकील कलम शोधतो, कार्यकर्ता माणूस शोधतो.

जामिनाचा प्रश्न याहून अवघड. चोरीच्या संशयावरून पकडलेला माणूस जामिनास पात्र असतो, न्यायाधीश जामीन देतातही, आणि तरी तो आत राहतो. पंधरा हजारांचा ऐपतदार जामीनदार कुठून आणायचा? ऐपतीचा दाखला असलेला माणूस फुटपाथवरच्याच्या ओळखीत नसतो. मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याला १९७८ मध्ये दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तो नाकारला गेला. न्या. कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले आणि जामिनाच्या या रीतीवर कडक ताशेरे ओढले. फौजदारी प्रक्रिया संहितेत पुढे तशी तरतूदही आली. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असे गृहीत धरावे आणि जातमुचलक्यावर सोडावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये ती कायम आहे.

३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिना उलटला तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार करायचा. केंद्र सरकारने त्याच वर्षी गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम सरकारने भरायची ठरली. पैसे आहेत, नियम आहेत. आठव्या दिवशी तुरुंगाच्या नोंदवहीवर बोट ठेवून ‘हा का सुटला नाही’ असे विचारणारा माणूस मात्र प्रत्येक तुरुंगात असायला हवा.

मनाने आजारी असलेल्या बेघरांची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण इथे कायदा सर्वांत पुढे गेला आहे आणि त्याचे ज्ञान सर्वांत मागे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार रस्त्यावर भटकणारी आणि आजारी वाटणारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणात घेणे, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये न ठेवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती बेघर असेल तर बेपत्ता व्यक्तीची नोंद करून कुटुंबाचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा. कलम २७ तिला मोफत वकील देते. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो अशाच माणसांना रस्त्यावरून उचलून, बरे करून घरी पोहोचवल्याबद्दल. कायदा जे काम पोलीस ठाण्यावर सोपवतो, ते आज बऱ्याच अंशी अशा संस्था करतात.

कागदपत्रांची लढाई तुलनेने छोटी, पण रोजची. मतदार नोंदणीचा नियम इथे अनपेक्षितपणे उदार आहे. बेघर माणूस अर्जात ज्या जागेचा उल्लेख करील, तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचे. झोपत असेल तर राहण्याचा वेगळा पुरावा मागायचा नाही. एका ओळखपत्राच्या आधाराने दुसरे निघते, दुसऱ्यावर रेशन आणि निराधार पेन्शन. अर्ज भरायला आणि त्या रात्री अधिकाऱ्यासोबत उभे राहायला कायद्याची पदवीही लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचे प्रशिक्षित विधी स्वयंसेवक हे काम करू शकतात.

अपघाताचेही तसेच. २००६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवरून मोटार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षे केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तो खटला गाजला, कारण शहराचे लक्ष होते. एरवी धडक देऊन गाडी पळून जाते आणि पंचनाम्यात ‘अनोळखी इसम’ एवढीच नोंद उरते. अशा अपघातांसाठी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार रुपये भरपाई आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो, हे मृताच्या विधवेला कोण सांगणार?

राहता राहिला निवारा. दिल्लीत कडाक्याच्या थंडीत पुसा रोडवरचा एक रात्रनिवारा पाडला गेला, त्यावरून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांना एक लाख लोकसंख्येमागे एक याप्रमाणे बारमाही, चोवीस तास उघडे निवारे उभारायला सांगितले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच प्रमाण धरले. २०११ च्या लोकसंख्येवर मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्यांच्या जवळपासही शहर कधी पोहोचले नाही. २०१६ मध्ये न्या. कैलास गंभीर समितीला देशातल्या निवाऱ्यांची पाहणी करायला नेमावे लागले, यातच सारे आले.

न्यायालयात गेले की न्याय मिळतोच, असा भाबडेपणाही नको. १३ नोव्हेंबर २०२४ च्या ‘बुलडोझर’ निकालात न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग आणि नदीकाठच्या अनधिकृत बांधकामांना ते संरक्षण नाही, असेही त्यांनीच नमूद केले. जुलै २०२१ मध्ये ‘पहचान’ संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने बेघरांनीही काम करावे, राज्य सगळे पुरवू शकत नाही, असा सूर लावला. सार्वजनिक शौचालये त्यांना मोफत करता येतील का, हे पाहायला मात्र सांगितले. मोठ्या याचिका लागतातच. पण त्यांच्या निकालाची वाट पाहत रस्त्यावरची रात्र थांबत नाही.

न्यायालयच माणसापर्यंत जाऊ शकते का? अमेरिकेतल्या सॅन डिएगोत १९८९ मध्ये बेघर माजी सैनिकांच्या मेळाव्यात पहिले ‘होमलेस कोर्ट’ भरले. पुढे ते निवाऱ्यांमध्येच भरू लागले. किरकोळ गुन्ह्यांत दंड आणि कोठडीऐवजी व्यसनमुक्ती, शिक्षण, कामाचा शोध हेच फेड म्हणून धरले जाते. आपल्याकडे लोकअदालत आणि फिरत्या न्यायालयांची रीत आहेच. रात्रनिवाऱ्यात महिन्यातून एकदा लोकअदालत भरवायला नवा कायदा लागणार नाही.

मनुष्यबळही हाताशी आहे. २०२२ पासून राष्ट्रीय प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था आणली आहे. विधी महाविद्यालयांना विधी साहाय्य केंद्र चालवणे बंधनकारक आहे. ऑल्गा टेलिसचा खटला चालू असताना १९८४ मध्ये भायखळ्यात स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ संस्थेने १९८५ मध्ये फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी करून त्यांची नावनिशी मांडली, तेव्हा तिच्याकडे सरकारी पाठबळ नव्हते. आज त्याहून कितीतरी साधने आहेत. कमी आहे ती रात्री नऊनंतर बाहेर पडणाऱ्यांची.

वाचकांनी इथून पुढे एवढे जरूर करावे. फुटपाथवरून कोणाला उचलून नेताना दिसले, तर पोलीस ठाण्याचे नाव आणि वेळ टिपून घ्यावी आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर कळवावे. प्रत्येक तालुका न्यायालयात विधी सेवा समिती आहे. तिथे अर्ज साध्या कागदावर करता येतो, आणि तो दुसऱ्यासाठी लिहून द्यायलाही कोणाची हरकत नाही. वकिलांनी समितीच्या यादीत नाव नोंदवावे आणि महिन्यातली एक संध्याकाळ जवळच्या निवाऱ्यासाठी ठेवावी. विधी महाविद्यालयांनी आपली केंद्रे महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर न्यावीत. आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९५९ चा भिक्षा कायदा रद्द करण्याचा निर्णय आता आणखी पुढे ढकलू नये.